झाडाचे काम डोळ्यांनी पाहताना



वसमतला आमचा अभ्यासवर्ग शनिवारी दुपारी आणि रविवारी उपासनेनंतर भरतो. मुलेमुली बहुतेक आंध समाजाची, औंढा आणि कळमनुरी तालुक्यांतल्या वाड्यावस्त्यांवरून शिकायला इथे आलेली. गेल्या वर्षी नववीतल्या एका मुलीला मी प्रकाशसंश्लेषणाची व्याख्या विचारली. तिने ती घडाघडा म्हणून दाखवली, एक शब्द चुकला नाही. मग मी विचारले, "आपल्या खिडकीबाहेरचा कडुनिंब आत्ता, या मिनिटाला, काय करतोय?" ती बाहेर पाहत राहिली आणि म्हणाली, "ताई, पुस्तकातलं झाड वेगळं असतंय. हे आपलं साधं झाड आहे."

हे उत्तर मला पुष्कळ दिवस टोचत राहिले. ही मुलगी पळसाचे कोणते पान पत्रावळीला चालते आणि कोणते फाटते हे हात लावून सांगते. हळदीच्या बेण्यातला कुजका गड्डा वासावरून बाजूला काढते. झाडांविषयी तिला जे माहीत आहे त्याचा पुस्तकाशी संबंध आहे, हेच तिला कोणी कधी दाखवलेले नव्हते. या अंकात मी लिहिते आहे ते त्यासाठी आम्ही केलेल्या काही प्रयोगांविषयी. त्यांत सेन्सर नावाची छोटी उपकरणे वापरली. ती कशी चालतात, कुठे फसवतात आणि त्यातून मुलांना काय कळले, ते सांगते.

सेन्सर म्हणजे एखादी गोष्ट मोजून तिचे विजेच्या संकेतात रूपांतर करणारा छोटा भाग. आपल्या हातातल्या मोबाइलमध्ये उजेडाचा सेन्सर असतो. उन्हात गेलो की पडदा आपोआप उजळ होतो तो त्याच्यामुळे. असाच सेन्सर एका लहान संगणक-पाटीला जोडला की दर मिनिटाला आकडा नोंदवला जातो आणि पडद्यावर रेघ उमटते. आम्ही आर्डुइनो नावाची पाटी वापरतो. इटलीतल्या इव्रेया गावी २००५ मध्ये ती विद्यार्थ्यांसाठी तयार झाली आणि तिचा आराखडा सर्वांना खुला ठेवला गेला. म्हणूनच आज तिच्या नकला काही शे रुपयांत मिळतात. ती मोबाइलच्या पॉवर बँकेवरही चालते. वीज जाते तेव्हा या गोष्टीचे मोल कळते.

झाड हळू काम करते. आपल्या डोळ्यांना ते काम दिसत नाही, तासाभराच्या वर्गात तर नाहीच. आकड्याची रेघ मात्र दहा मिनिटांतही खाली किंवा वर जाताना दिसते. सेन्सरचा फायदा एवढाच, पण मुलांसाठी तो फार मोठा आहे.

पहिला प्रयोग आम्ही वजनाचा केला. लोड सेल हा ॲल्युमिनियमचा एक ठोकळा असतो. त्यावर भार पडला की तो डोळ्यांना दिसणार नाही इतका वाकतो. त्याला चिकटवलेली बारीक धातूची पट्टी ताणली जाते, तिचा विजेला होणारा विरोध बदलतो आणि त्या बदलावरून वजन कळते. किराणा दुकानातल्या इलेक्ट्रॉनिक काट्यातही हेच असते. त्यावर आम्ही झेंडूच्या रोपाची कुंडी ठेवली, पाणी दिले आणि रेघ पाहत बसलो. रेघ हळूहळू खाली जाऊ लागली. मी मोठ्या उत्साहाने सांगितले की झाड पानांवाटे पाणी हवेत सोडत आहे, यालाच बाष्पोत्सर्जन म्हणतात.

मागे बसलेला सातवीतला एक मुलगा म्हणाला, "पण ताई, मातीपण वाळतीय की."

त्याचे बरोबर होते. माती वाळल्यानेही वजन घटणारच. मग आम्ही कुंडीला खालून वरपर्यंत प्लास्टिकची पिशवी गुंडाळून खोडापाशी बांधली, म्हणजे पाणी फक्त पानांतूनच जाईल. घरी गेल्यावर मी माझे जुने टिपण काढले, कारण ही गोष्ट कुठेतरी वाचलेली होती. स्टीफन हेल्स नावाचे इंग्लंडमधल्या टेडिंग्टन गावचे पाळक होते. रविवारी उपदेश आणि आठवडाभर झाडांची वजने, असा त्यांचा क्रम. १७२४ च्या उन्हाळ्यात त्यांनी साडेतीन फूट उंचीचे सूर्यफूल कुंडीत लावून ती कुंडी सकाळ-संध्याकाळ तोलली. आणि मातीतून वाफ जाऊ नये म्हणून कुंडीच्या तोंडावर शिशाचा पातळ पत्रा बसवून सगळे सांधे बंद केले! बारा तासांच्या दिवसात ते झाड सरासरी २० औंस, म्हणजे अर्ध्या किलोहून थोडे जास्त पाणी हवेत सोडत होते. १७२७ मध्ये त्यांचे पुस्तक निघाले आणि झाडाच्या शरीराचे कामकाज मोजून समजून घ्यायचे शास्त्र तिथून पुढे गेले. पुढच्या शनिवारी मी त्या मुलाला सांगितले, की तुझी शंका तीनशे वर्षांपूर्वी एका पाळकसाहेबांनाही आली होती. तो दिवसभर मान ताठ करून फिरत होता.

पुढचे प्रयोग मुलांनीच सुचवले. पंखा लावला तर? रेघ जास्त वेगाने खाली गेली. "वाऱ्यावर कपडे लवकर वाळतात तसंच," असे दोघी-तिघी एकदम म्हणाल्या. कुंडी अंधाऱ्या खोलीत ठेवली तर? रेघ जवळजवळ सपाट. पानांवर पर्णरंध्रे नावाची अतिसूक्ष्म तोंडे असतात आणि बहुतेक झाडांची ती अंधारात मिटतात, हे तिथे सांगितले. मग एका रोपाच्या पानांना वरच्या बाजूने आणि दुसऱ्याच्या पानांना खालच्या बाजूने व्हॅसलीन फासले. खालून फासलेल्या रोपाचे वजन कमी घटले. म्हणजे तोंडे खालच्या बाजूला जास्त. हे वाक्य पुस्तकातही आहे, पण व्हॅसलीनने बोटे चिकट झालेल्या मुलांना ते पाठ करावे लागले नाही.

इथे एक सावधगिरी सांगते, कारण आमची एक दुपार वाया गेली होती. पाच किलोच्या लोड सेलवर एक-दोन ग्रॅमचा फरक ओळखणे जिकिरीचे. एक किलोचा घ्यावा आणि कुंडी लहान ठेवावी. शिवाय उन्हाने लोड सेल तापला की झाडाने काहीही न करता आकडा सरकतो. यावर आम्ही एक उपाय काढला. कुंडीइतक्याच वजनाचा एक दगड अधूनमधून त्याच काट्यावर ठेवायचा. दगडाचे वजन बदलले तर समजावे की काटा खोटे बोलतो आहे. मुलांनी त्या दगडाचे नाव "साक्षीदार" ठेवले आहे.

दुसरा प्रयोग हवेचा. बरणीत ताजी हिरवी पाने किंवा छोटे रोप ठेवायचे, आत कार्बन डायऑक्साइडचा सेन्सर ठेवून झाकण घट्ट लावायचे. हा सेन्सर जरा महाग, दोन-अडीच हजारांच्या घरात. आत एक बारीक नळी असते. तिच्या एका टोकाला अवरक्त किरणांचा दिवा आणि दुसऱ्या टोकाला ते किरण मोजणारा डोळा. कार्बन डायऑक्साइड त्यातले एका ठरावीक जातीचे किरण गिळतो. वायू जास्त असेल तितके किरण कमी पोचतात. बाजारात शंभर-दीडशे रुपयांचे 'हवेचा दर्जा' मोजणारे सेन्सरही मिळतात, पण त्यांना अमोनिया काय, मद्यार्काची वाफ काय, सगळे सारखेच वाटते. या प्रयोगाला ते घेऊ नयेत.

आज मोकळ्या हवेत कार्बन डायऑक्साइडचे प्रमाण दशलक्षात साधारण ४२० भाग आहे. उजेडात ठेवलेल्या पानांनी तो खावा आणि आकडा खाली यावा, अशी आमची अपेक्षा. पण आम्ही झाकण लावले तेव्हाच आकडा हजारावर होता आणि बरणी पुन्हा उघडून बंद केली तर तो आणखी चढला. मुले हिरमुसली. कारण सापडायला थोडा वेळ लागला: वीसेक मुले बरणीवर वाकून श्वास सोडत होती! आपण सोडलेल्या श्वासात हा वायू दशलक्षात सुमारे चाळीस हजार भाग असतो, म्हणजे बाहेरच्या हवेच्या जवळपास शंभर पट. मग एकाने बरणी अंगणात नेऊन, तोंड बाजूला करून बंद केली. खिडकीच्या उजेडात ठेवल्यावर काही मिनिटांतच आकडा उतरू लागला. काळे कापड टाकले, तसा तो चढू लागला. कापड काढले, पुन्हा उतरला. मुलांनी हे इतक्या वेळा केले की शेवटी कापड काढून घ्यावे लागले.

जोसेफ प्रीस्टली यांनी १७७१ मध्ये पुदिन्याची डहाळी बंद भांड्यात ठेवून हेच ताडले होते. मेणबत्ती विझलेल्या हवेत पुदिना ठेवल्यावर काही दिवसांनी त्याच हवेत मेणबत्ती पुन्हा जळाली. तेही धर्मोपदेशकच होते. पण यासाठी उजेड लागतो, हे पुढे १७७९ मध्ये यान इंगेनहाउस या डच डॉक्टरांनी दाखवले. प्रीस्टलींना दिवसच्या दिवस थांबावे लागले. आमच्या मुलांना चहा होईपर्यंत.

काळ्या कापडाखाली आकडा चढतो याचा अर्थ झाडही श्वास घेते. यावर मुलांचा विश्वास बसेना. "झाड रात्री विष सोडतं" हे त्यांनी ऐकले होते, पण श्वास म्हणजे नाकाने, असा त्यांचा हिशेब. म्हणून तिसरा प्रयोग मोड आलेल्या मुगाचा. एका थर्मासमध्ये मोड आलेले मूग, दुसऱ्यात उकळून गार केलेले. दोन्हींत तारेचा तापमान सेन्सर सोडायचा आणि तोंडाला कापसाचा बोळा लावायचा. मोडाचे मूग दुसऱ्या दिवसापर्यंत स्पष्ट गरम होतात. श्वसनात साठवलेले अन्न वापरले जाते आणि त्यातली काही ऊर्जा उष्णता होऊन बाहेर पडते. तिसऱ्या दिवशी मात्र उकळलेले मूगही तापू लागले आणि मी गोंधळले. झाकण उघडताच वासाने कळले की ते आंबले आहेत. श्वास घेत होते ते त्यांवरचे जिवाणू. हे पाहून एक मुलगी म्हणाली, "ओल्या सोयाबीनची गंजी आतून तापते, ती यानंच का?" गंजीत हात घातल्यावर लागणारा चटका तिला ठाऊक होता. त्याचे कारण तिने त्या दिवशी स्वतः जोडले.

इथे थोडे विषयांतर करते. एका स्नेह्याने मला विचारले, की झाडांना स्तोत्रे ऐकवली तर ती या सेन्सरवर प्रतिसाद देतील का? पानांना तारा जोडून त्यांचे 'संगीत' ऐकवणारी यंत्रे मोबाइलवरच्या व्हिडिओंत फिरत असतात. ती यंत्रे पानातून विजेला होणारा विरोध मोजतात आणि त्या आकड्याला आपणच सूर ठरवून देतो. गाते ते यंत्र. झाडांत विजेचे संकेत मात्र खरोखर धावतात. लाजाळूच्या पानाला हात लावला की ते मिटते, त्यामागे असाच संकेत असतो, आणि जगदीशचंद्र बोस यांनी त्याचा जन्मभर अभ्यास केला. झाडाची वाढ दहा हजार पट मोठी करून काचेवर उमटवणारे क्रेस्कोग्राफ हे यंत्र त्यांनी आपल्याच कारागिरांकडून तरफा जोडून बनवून घेतले. १९१७ मध्ये त्यांनी कोलकात्यात आपली संस्था उभी केली. बोस यांच्याविषयी मी मुलांना दोन गोष्टी सांगते. पहिली, वडील मोठे अधिकारी असूनही त्यांनी मुलाला गावच्या बंगाली शाळेत घातले, आणि तिथे त्याच्या एका बाजूला शिपायाचा मुलगा बसे आणि दुसऱ्या बाजूला कोळ्याचा. दुसरी, विज्ञानाची गोडी त्यांना लावली ती सेंट झेवियर्स कॉलेजातल्या फादर लाफाँ या बेल्जियन जेझुइट धर्मगुरूंनी. वर्गात प्रयोग करून दाखवण्यासाठी ते कोलकात्यात प्रसिद्ध होते.

आपल्याकडेही असे काम झाले आहे. पुणे जिल्ह्यातल्या पाबळला डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी १९८३ मध्ये विज्ञान आश्रम सुरू केला. ग्रामीण मुलांनी हाताने वस्तू बनवत शिकावे, हा त्यांचा आग्रह होता. नीती आयोगाच्या अटल टिंकरिंग लॅब योजनेत निवडलेल्या शाळांना वीस लाखांपर्यंत अनुदान मिळते आणि सेन्सर, आर्डुइनो हे सारे साहित्य त्यात येते. साहित्य येते, पण ते कपाटात राहते, हे मी एका शाळेत पाहिले. मुले मोडतील म्हणून कुलूप लावले होते. आमच्या वर्गात आतापर्यंत दोन सेन्सर जळाले. दोन्ही माझ्या हातून.

आता त्या नववीतल्या मुलीकडे येते. आता ती दहावीत आहे. तिचे वडील वसमत तालुक्यात बटाईने हळद करतात. वसमतच्या हळदीला भौगोलिक मानांकन मिळाले आहे, गावात हळद संशोधन केंद्र होत आहे, हे आपण वर्तमानपत्रांत वाचतो. बटाईदाराला मात्र आपल्या वाट्याचे गड्डे कुजले तर वर्षाची मेहनत गेली, एवढेच कळते. मागच्या वर्षी त्यांच्या शेताच्या उताराकडच्या कोपऱ्यात कंदकूज झाली. पाने पिवळी पडली, मलूल झाली, म्हणून त्यांनी पाणी वाढवले, आणि कूज वाढली.

मुगाच्या प्रयोगानंतर तिने विचारले, "मुळं पण श्वास घेतात का?" घेतात. मातीच्या कणांमधल्या पोकळीत हवा असते, तिच्यावर मुळे जगतात. पोकळ्या पाण्याने भरल्या तर प्राणवायू मुळांपर्यंत पोचणे अवघड होते, कारण पाण्यातून तो हवेच्या तुलनेत सुमारे दहा हजार पट सावकाश पसरतो. गुदमरलेले मूळ पाणी ओढू शकत नाही. म्हणजे मुळाशी पाणी साचलेले असूनही पान तहानेने सुकल्यासारखे दिसते. त्यातच कूज आणणाऱ्या बुरशीला ओल मानवते.

पावसाळ्यात आम्ही ओलाव्याचा सेन्सर घेऊन त्या शेतात गेलो. या सेन्सरचे दोन प्रकार असतात. दोन उघड्या धातूच्या काड्यांचा स्वस्त प्रकार मातीत काही आठवड्यांतच गंजतो. दुसरा झाकलेल्या पट्टीचा, 'कपॅसिटिव्ह' म्हणून मिळतो, तो टिकतो. पण कोणताही घेतला तरी तो थेट टक्के सांगत नाही, नुसता एक आकडा देतो. म्हणून त्याच शेतातली माती एका डब्यात पूर्ण वाळवून आणि दुसऱ्यात पाण्याने भिजवून आधी दोन टोकांचे आकडे घ्यावे लागतात. आणि आपल्या काळ्या मातीचा स्वभाव वेगळा. तिचे कण इतके बारीक, की त्यांनी घट्ट धरलेले सगळेच पाणी मुळाला ओढता येत नाही. वाळूत जेवढ्या ओलाव्यावर झाड टवटवीत राहील, तेवढ्याच ओलाव्यावर ते काळ्या मातीत सुकू शकते. पुस्तकातला किंवा दुसऱ्या गावचा आकडा इथे उपयोगाचा नाही.

तिचे वडील बांधावर उभे होते. म्हणाले, "ताई, मशीन कशाला? शेतात चाललं की पायाला कळतंय की ओल किती हाय ते."

मी म्हटले, "खरं आहे दादा. पण पायाला वरचं कळतं. खाली वीतभर काय आहे ते बघू."

पाऊस थांबून सहा दिवस झाले होते. माती वरून वाळून भेगाळायला लागली होती. मुलीने वरच्या भागात तीन ठिकाणी आणि कोपऱ्यात तीन ठिकाणी, खुरप्याने वीतभर उकरून पट्टी खोचली आणि आकडे वहीत लिहिले. वरच्या भागाचे आकडे दोन टोकांच्या मधोमध होते. कोपऱ्यातले जवळजवळ भिजवलेल्या डब्याइतकेच. वडिलांनी काही न बोलता हाताने माती उकरली, मुठीत दाबली, वास घेतला. मग मुलीला म्हणाले, "परत एकदा लाव बरं. तिकडं, त्या वाफ्यात."

पुढच्या आठवड्यात त्यांनी कोपऱ्यातून नाल्याकडे चर काढला. कोपऱ्याच्या अर्ध्या भागापुरताच, कारण मजूर लावायला पैसे नव्हते आणि एकट्याने तेवढेच झाले. मला वाईट वाटले. मुलगी म्हणाली, "राहू द्या ताई. चर काढलेला आणि न काढलेला, दोन्ही बघता येईल." तेव्हापासून ती दर रविवारी दोन्ही भागांतला ओलावा मोजून लिहिते. वहीच्या पहिल्या पानावर तिने साक्षीदार दगडाचे चित्र काढले आहे.

हळदीची काढणी फेब्रुवारीत सुरू होईल. दोन्ही भागांतले गड्डे वेगवेगळ्या ढिगांत ठेवा, एकत्र करू नका, असे तिने वडिलांना आत्तापासूनच बजावून ठेवले आहे. आणि तोलायला अभ्यासवर्गातला काटा पुरणार नाही, म्हणून मोठ्या काट्यासाठी आडतीवर विचारून ठेवा, असे मला.